भाच्याच्या लिस्टमधली शेवटची ओळ

परवा रात्री भाच्याचा फोन आला. खानापूरजवळच्या नंदगडला असतो तो, यंदा बीसीएला ॲडमिशन घेतलंय आणि घरच्यांनी मिळून त्याला कॉम्प्युटर घेऊन द्यायचं ठरवलंय. "मामा, व्हॉट्सॲपवर लिस्ट पाठवलोय बघ, तेवढं बघून सांग गा" म्हणाला. लिस्ट उघडली तर पोरानं अभ्यास केलेला दिसत होता, रायझन ५ ५६००जी, त्याला साजेसा बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, २४ इंची मॉनिटर, अगदी कीबोर्ड माऊसचंसुद्धा मॉडेल लिहिलेलं. आणि सगळ्यात खाली एक ओळ, "कॅबिनेट विथ एसएमपीएस – १८००". कुठल्या कंपनीचा, किती वॅटचा, काही नाही. दुकानदार देईल तो. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली लाईट घेऊन आतल्या प्रत्येक पार्टाला पाहिजे त्या व्होल्टला देणारा, कॅबिनेटमधला पत्र्याचा डबा.

ती ओळ वाचली आणि मला माझी पाच-सहा वर्षांपूर्वीची रात्र आठवली, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथं लिहितोय. आपल्या भागात, बेळगाव खानापूर निपाणीकडं, नवीन कॉम्प्युटर जोडणारा जवळपास प्रत्येक जण हीच ओळ लिहितो.

माझं घर बेळगावच्या वडगावात. पुढच्या खोलीत डीटीपीचं काम चालतं, लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, गणपती मंडळांची पावतीबुकं, मराठी आणि कन्नड दोन्ही. आजूबाजूला सगळे माग. लाईट गेली आणि परत आली की गल्लीतले माग एकदमच चालू होतात, त्या क्षणाला ट्यूब फडफडते, पंख्याचा आवाज बदलतो आणि माझा कॉम्प्युटर रिस्टार्ट व्हायचा. मागवाल्यांचं त्यात काही चुकत नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. पण मला वर्षभर कळलंच नाही की रिस्टार्ट का होतोय. विंडोज दोनदा टाकून बघितलं, रॅम काढून खोडरबरनं पिना घासल्या, मग नवीन रॅम घेतली, व्हायरस असेल म्हणून पैसे देऊन अँटीव्हायरस घेतला. कॅबिनेटच्या मागं तो राखाडी पत्र्याचा डबा होता त्याच्याकडं ना मी बघितलं ना दुरुस्तीवाल्यानं, कारण त्याच्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं होतं आणि पंखा तर फिरत होता.

मे महिन्याचे शेवटचे दिवस, वळवाचा पाऊस आला, लाईट दोनदा गेली दोनदा आली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा मागून फट्ट असा आवाज, निळसर धूर आणि जळक्या वार्निशसारखा वास. एसएमपीएस गेला एवढंच असतं तर काही नव्हतं, साडेसहाशेला दुसरा आला असता. पण जाताना तो हार्ड डिस्क घेऊन गेला. डिस्कच्या खालच्या सर्किटवर एक चिप तडकून तिच्यात बारीक भोक पडलेलं दिसत होतं. चार वर्षांची डिझाईन्स त्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईला जायच्या तीन लग्नपत्रिका. एका मुलीच्या वडिलांना रात्री साडेनऊला फोन करून सांगावं लागलं की तुमची पत्रिका पुन्हा बसवावी लागणार, प्रूफ पुन्हा बघावं लागणार. ते काही बोलले नाहीत, फक्त "बरं" म्हणाले, ते बरं अजून कानात आहे. मित्राच्या मशीनवर बसून पहाटेपर्यंत तिन्ही पत्रिका नव्यानं टाईप केल्या.

नंतर तो जळका डबा मी तसाच ठेवला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन काट्यावर ठेवला तर ७१० ग्रॅम भरला. नंतर जो घेतला तो केबलींसकट पावणेदोन किलोच्या वर भरला. नुसतं वजन म्हणजे सगळं नव्हे हे खरं, पण आत तांब्याच्या कॉईल, मोठे कॅपॅसिटर आणि जाड हीटसिंक असतील तर वजन येणारच. स्क्रू काढून उघडून बघितला (तुम्ही उघडू नका, आतला मोठा कॅपॅसिटर तीनशे व्होल्टच्या वर चार्ज धरून बसतो, पिन काढल्यावरसुद्धा, माझा पूर्ण मेलेला होता आणि आठवडाभर पडून होता) तर बोर्डावर जिथं फिल्टरच्या कॉईल बसायला पाहिजेत तिथं भोकं मोकळी आणि त्यांच्याऐवजी नुसते वायरचे तुकडे सोल्डर केलेले. जागा केलेली आहे, छापलेलं आहे, पार्ट मात्र बसवलेला नाही. बाहेर येणाऱ्या वायरी पण केसासारख्या. चांगल्या एसएमपीएसच्या वायरवर १८ एडब्ल्यूजी (वायरच्या जाडीचं माप) असं बारीक छापलेलं असतं. हा आकडा जेवढा मोठा तेवढी वायर बारीक, त्यामुळं २० नाहीतर २२ दिसलं तर समजून घ्या.

आता ते ४५० वॅट कुठनं आलं बघा, भाच्याला मी हेच सगळ्यात आधी शिकवलं. डब्याच्या लेबलवर एक छोटा तक्ता असतो. माझ्या जुन्यावर होतं, ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३० अँपिअर, १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार करा, ९२ आणि १५० आणि १९२, बेरीज ४३४, त्यात बारीकसारीक बाकीचं घालून झालं ४५०. पण आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे खरं खाणारे जे दोघं, ते जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरनं घेतात. ३.३ आणि ५ च्या लायनीवर आता फारसा लोड राहिलेलाच नाही, ते पेंटियम तीनच्या काळातलं गणित. म्हणजे माझ्या ४५० वॅटच्या डब्याची खरी ताकद १९२ वॅट, ती पण लेबल खरं बोलत असेल तर. नीट कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३६-३७ अँपिअर लिहिलेलं दिसतं, १२ नं गुणलं की ४३२-४४४, म्हणजे जवळपास सगळी ताकद जिथं पाहिजे तिथंच. दुकानात उभं राहून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हा एक गुणाकार करायला दहा सेकंद लागतात. वॅटचा मोठा आकडा सोडा, हे बघा.

किती वॅट पाहिजे याचीपण लोकांना उगाच भीती घातली जाते. ५६००जी या प्रोसेसरचा टीडीपी (कंपनीनं सांगितलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, पूर्ण जोरात गेला तरी प्रोसेसर ८८ पर्यंत जातो, बोर्ड रॅम एसएसडी पंखे धरून आख्खं मशीन दीडशेच्या आत राहतं. त्याला ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. भाचा म्हणाला पुढं ग्राफिक कार्ड घालणार. मग कुठलं घालणार ते विचारलं, आरटीएक्स ३०६० म्हणाला, ते कार्ड एकटं १७० वॅट घेतं आणि एनव्हिडिया त्याला ५५० वॅटचा सप्लाय सांगते, तर मग आत्ताच ५५० चा घे, फरक चार-पाचशे रुपयांचा. त्याच्या कॉलेजातला एक पोरगा ७५० चा घे म्हणतोय म्हणे. ७५० ची गरज नाही. तेच पैसे ५५० च्या चांगल्या मालात घाल. साडेसातशेचा हलका माल घेण्यापेक्षा साडेपाचशेचा भारी माल कधीही बरा.

८० प्लसबद्दल थोडं. ही सर्टिफिकेटची पद्धत २००४ पासून आहे, आणि ती मुख्यतः एकच गोष्ट सांगते, भिंतीतनं घेतलेल्या करंटपैकी किती कामाला आला आणि किती उष्णता होऊन गेला. ब्रॉन्झ म्हणजे ११५ व्होल्टच्या टेस्टमध्ये निम्म्या लोडला ८५ टक्के, गोल्ड म्हणजे ९० टक्के. आत प्रोटेक्शन कुठलं आहे, व्होल्टेज चढलं तर तो स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवेल का, हे त्यातनं कळत नाही, आणि टेस्ट होते २३ डिग्रीच्या आसपास, आपल्या पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको. तरी पण मी ब्रॉन्झच्या खाली जाऊ नका म्हणतो, कारण ब्रॉन्झ करायचा तर आत बरा माल घालावाच लागतो. लाईटबिलाचं म्हणाल तर १०० वॅटचा लोड, दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरा, ७० टक्केवाला आणि ८५ टक्केवाला यात वर्षाला ६० युनिटचा फरक पडतो. सात रुपये युनिट धरलं तर सव्वाचारशे रुपये. भाच्याच्या घरी गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट लाईटची योजना आहे, २०२३ पासून बिल शून्य येतं, पण ते ठरवून दिलेल्या युनिटच्या आत राहिलं तरच, आणि कॉम्प्युटर आला की ती मर्यादा जवळ येणारच. तिथं महिन्याला पाच युनिट वाचले तरी उपयोग आहे.

प्रोटेक्शन कुठली आहेत ते बॉक्सवर लिहिलेलं असतं, ओव्हर व्होल्टेज, अंडर व्होल्टेज, ओव्हर पॉवर, शॉर्ट सर्किट आणि ओव्हर टेंपरेचर. ओव्हर व्होल्टेजचं असतं आणि चाललं असतं तर माझी हार्ड डिस्क वाचायची शक्यता होती. नाव मोठं आहे म्हणून डोळे झाकून पण घेऊ नका, २०२१ मध्ये गिगाबाईटचे ७५० आणि ८५० वॅटचे दोन मॉडेल लोडवर फुटतात म्हणून जगभर बोंब झाली होती आणि कंपनीला ते बदलून द्यायला लागले. म्हणजे कंपनीबरोबर मॉडेलपण बघायचं, त्या मॉडेलचा उघडून केलेला रिव्ह्यू नेटवर असतो तो वाचायचा. कॉर्सेअरचा सीएक्स, कूलर मास्टरचा एमडब्ल्यूई ब्रॉन्झ, डीपकूलची पीके सिरीज, यांच्यापैकी त्या दिवशी जो स्वस्त मिळेल तो घे असं भाच्याला सांगितलं.

पण एक गोष्ट रिव्ह्यूत कोण सांगत नाही, ती आपल्या गावाकडच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. लेबलवर इनपुट लिहिलेलं असतं. काहींवर १००-२४० व्होल्ट असतं, काहींवर २००-२४०. एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार मिळतात, किमतीत फार फरक नसतो. शहरात २००-२४० चालून जातं. पण नंदगडला थ्री फेज लाईट आली की शेतातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, भाच्याच्या घरातलं व्होल्टेज मी स्वतः मीटर लावून बघितलंय, १७४ दाखवत होतं. तिथं २००-२४० वाला बंद पडणार, नाहीतर धडपडत चालणार. १००-२४० वाला, ज्यात ॲक्टिव्ह पीएफसी (लाईटीतनं करंट नीट, सारखा ओढणारं सर्किट) असतं, तो १७४ ला काय १५० ला पण शांतपणे चालतो. आणि मागं लाल रंगाचा ११५/२३० असा बारीक खटका असलेला जुना प्रकार अजून मिळतो तो तर घेऊच नका, घरातल्या पोरानं पेनानं खटका ११५ वर सरकवला की पिन लावताक्षणी बार उडतो.

लाईट डोळा मिटल्यासारखी जाते-येते त्याचंपण उत्तर थोडंफार एसएमपीएसमध्येच आहे. एटीएक्सच्या (कॉम्प्युटरच्या एसएमपीएस-बोर्डासाठी ठरलेल्या) नियमाप्रमाणं करंट तुटल्यावर त्यानं किमान १६ मिलिसेकंद आतल्या कॅपॅसिटरच्या जोरावर मशीन धरून ठेवायचं असतं. युपीएस साधारण १० मिलिसेकंदाच्या आत बॅटरीवर येतो, त्यामुळं चांगल्या एसएमपीएसला कळतपण नाही. हलक्यात तो कॅपॅसिटरच एवढासा असतो की युपीएस असूनसुद्धा मशीन रिस्टार्ट होतं आणि आपण युपीएसला शिव्या देतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका युपीएस मोडला ठेवा आणि इन्व्हर्टर शक्यतो प्युअर साईन वेव्हचा असू दे, ॲक्टिव्ह पीएफसीवाले काही एसएमपीएस चौकोनी वेव्हवर कुरकुरतात, कधी बंद पण पडतात.

आता माझ्या नवीन एसएमपीएसची गोष्ट, कारण खरं शिकलो ते तिथं. आधी गावातल्याच एका दुकानात गेलो होतो, त्यांच्याकडं तोच राखाडी डबा होता. मी वॉरंटी विचारली तर काऊंटरवरचा पोरगा म्हणाला "गॅरंटी इल्ल री, टेस्ट माडि कोड्तीवि", म्हणजे गॅरंटी नाही, टेस्ट करून देतो. आणि टेस्ट म्हणजे काय तर २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि एक काळी वायर पिननं जोडली, पंखा फिरला, झालं. त्या टेस्टनं फक्त तो चालू होतोय एवढंच कळतं, लोड घातल्यावर काय होतं ते नाही, माझ्या जळक्याचा पण पंखा शेवटच्या दिवसापर्यंत फिरतच होता. शेवटी कोल्हापूरला कामाला गेलो होतो तेव्हा तिथनं ब्रॉन्झचा आणला, २९०० रुपये, पक्कं बिल, पाच वर्षं वॉरंटी.

घरी आणून बसवला, सगळं छान चाललं, आणि संध्याकाळी बायको टेबल पुसताना ओरडली. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या. अनवाणी, ओली फरशी, मनगटापर्यंत मुंग्या. टेस्टर लावला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर टेस्टर लागतोय. आई म्हणाली, "जुना साडेसहाशेचा होता त्यानं कधी शॉक मारला न्हाई, तू तीन हजार घालून हे काय आणलास? परत देऊन ये जा." दुरुस्तीवाल्यालापण फोन केला, तोपण पीस खराब आहे, बदलून घ्या म्हणाला. मलापण तसंच वाटलं, बॉक्समध्ये परत भरायला पण घेतला होता.

भरता भरता शेजारच्या मागवाल्यांकडं काम करणारा म्हातारा वायरमन आला, त्यानं एसएमपीएसकडं बघितलंच नाही, सरळ भिंतीतला सॉकेट उघडला. तीन भोकाचा सॉकेट, वरच्या जाड भोकाला वायरच नाही. अख्ख्या घराला अर्थिंगच नव्हतं, वीस वर्षं. "ह्यो चांगला हाय म्हणून करंट बाहेर टाकूलालाय, जायला वाट न्हाई म्हणून तुमच्या हाताला लागूलालाय" असं त्यानं सांगितलं, आणि नंतर वाचलं तर शब्दन् शब्द खरं होतं. चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात दोन बारीक कॅपॅसिटर, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांच्यातनं अगदी थोडा करंट सतत अर्थमध्ये जात असतो. अर्थच नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो, २३० च्या निम्मा, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट इतका थोडा की माणसाला इजा होत नाही, नुसत्या मुंग्या, पण एचडीएमआय नाहीतर लॅनची वायर चालू मशीनला जोडताना पोर्ट जायची भीती असते. आणि माझ्या जुन्या डब्यात तो फिल्टरच नव्हता, ती मोकळी भोकं आणि वायरचे तुकडे, म्हणून तो कधी झिणझिण्या देत नव्हता. ज्याला आम्ही चांगुलपणा समजत होतो तो पार्ट चोरल्याचा परिणाम होता.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात तुळशीकट्ट्याच्या पलीकडं, जिथं भांड्यांचं पाणी जातं तिथं खड्डा काढला, जीआय पाईप घातला, थर देऊन कोळसा आणि मीठ, वरनं पाणी. पाईपला नटबोल्टनं वायर आवळून ती मीटरपर्यंत, तिथनं प्रत्येक सॉकेटला. मजुरीसकट २४०० रुपये गेले. संध्याकाळी वायरमननं आईच्याच हातात टेस्टर दिला. तिनं कॅबिनेटच्या स्क्रूवर लावून बघितला, लागला नाही, परत एकदा दाबून लावून बघितला, मग उपडा हात पत्र्यावर ठेवला आणि "गेला गा" म्हणाली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला एक घागर पाणी घालायचं काम तेव्हापासून तिनं स्वतःकडं घेतलंय. तो एसएमपीएस अजून चालतोय, माग चालू होताना ट्यूब अजून फडफडते, मशीन मात्र हलत नाही.

जाता जाता जुने डेल एचपीचे ऑफिसमधनं निघालेले कॉम्प्युटर घेणाऱ्यांना एक सांगतो, कारण आपल्याकडं ते भरपूर विकले जातात. त्यातल्या कित्येक मॉडेलांचा एसएमपीएस साध्या २४ पिनचा नसतो, ८ नाहीतर ६ पिनचा कंपनीचा स्वतःचा कनेक्टर असतो, आकारपण वेगळा. तो गेला की बाजारातला नेहमीचा बसत नाही, कन्व्हर्टर केबल शोधत बसावं लागतं. घेतानाच झाकण काढून बघून घ्या.

तर भाच्याची लिस्ट आता अशी झालीय. कॅबिनेट एसएमपीएसशिवाय, १५०० च्या आतलं. एसएमपीएस ५५० वॅट ब्रॉन्झ, इनपुट १००-२४० बघूनच, साधारण साडेतीन हजार. त्याच्या खाली मी स्वतः एक ओळ घातली, अर्थिंग, २५००. पैसे बसवायला मॉनिटर २४ इंचाचा २२ इंच केला. त्यावर लगेच फोन आला, "मॉनिटर कशाला लहान करूलालास गा मामा?" मी त्याला सांगितलं की मॉनिटर दोन वर्षांनी मोठा घेता येतो, मी मदत करतो त्याला. थोडा वेळ गप्प बसला आणि मग विचारला, घरातल्या सॉकेटला वरच्या भोकात वायर आहे का ते कसं बघायचं. मी म्हटलं तू उघडू नकोस, हात लावू नकोस. रविवारी सकाळच्या बसनं मी आणि तो म्हातारा वायरमन दोघं नंदगडला जातोय, कोळसा इथनंच घेऊन जाणार, मीठ ताई देते म्हणालीय.